रात्रपाळीला कोण होतं?

तालुक्याच्या कुठल्याही गावात खासगी दवाखाने किती आणि त्यांत खाटा किती, असं विचारलं की उत्तर मिळतं. पाटीवर लिहिलेलं असतं, मेडिकलवाल्याला ठाऊक असतं, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला तर पाठच असतं. पण त्या खाटांशेजारी पहाटे तीन वाजता जागी असलेली माणसं किती, त्यांतल्या किती जणींनी नर्सिंगचं रीतसर शिक्षण घेतलंय, एकीच्या वाट्याला किती पेशंट येतात, याचं उत्तर देऊ शकेल अशी कचेरी मला अजून सापडलेली नाही.

सरकारी दवाखान्यांचं तसं नाही. तिथली परिस्थिती वाईट असली तरी ती लिहिलेली असते. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत हा तक्ता असतो, विधिमंडळात त्यावर प्रश्न येतात, पेपरात बातम्या छापून येतात. रिक्त पदाची बातमी होऊ शकते, कारण आधी कुणीतरी ते पद मंजूर केलेलं असतं. खासगीत मंजूर पदच नाही, मग रिक्त तरी कशाला म्हणणार? आणि लोक तर तिथेच जातात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, बाळंतपणं सोडून देशभरात जे लोक दवाखान्यात दाखल झाले त्यांतले सुमारे ५५ टक्के खासगीत होते, ४२ टक्के सरकारीत. शहरांमध्ये खासगीचा वाटा ६१ टक्क्यांवर गेला होता. निम्म्याहून जास्त आजारी माणसं अशा ठिकाणी झोपलेली असतात, जिथे त्यांच्याकडे बघणाऱ्यांची मोजदादच नाही.

ही मोजदाद हे माझं काम. गळ्यात ओळखपत्र, पिशवीत संस्थेचं पत्र, हातात फॉर्म. सकाळी जाऊन उपयोग नसतो, ओपीडी तुंबलेली असते. दुपारी दीडनंतर, डॉक्टर जेवायला वर जायच्या आत गाठावं लागतं. वीस-पंचवीस खाटांच्या कितीतरी दवाखान्यांत डॉक्टरांचं घर वरच्याच मजल्यावर असतं. रिसेप्शनवरची मुलगी विचारते, "एमआर का?", म्हणजे औषध कंपनीकडून आलात का. नाही म्हटलं की जरा सावध होते. मग आत गेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "मॅडम, तुम्ही कुणाकडून? कॉर्पोरेशन, पीएफ, की पोल्युशन?"

या प्रश्नाचा मला कधी राग येत नाही. फॉर्म घेऊन आलेलं प्रत्येक माणूस काही ना काही वसूल करायला किंवा बंद करायला आलेलं असतं, हा त्यांचा अनुभव आहे. पण आपल्या सगळ्या आकड्यांचं मूळ दुखणं या प्रश्नातच दडलेलं आहे, असं मला वाटतं.

कसं ते सांगते. दवाखान्याच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला महापालिकेत किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे कागद जातो, तेव्हा प्रशिक्षित नर्स पुरेशा दाखवाव्या लागतात. तिथे आकडा वाढतो. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो. तिथे तोच आकडा एकोणिसाच्या आत राहावा असं बघितलं जातं. मग विमा कंपनीच्या पॅनलवर जायचं असतं, जनआरोग्य योजनेत नाव घालायचं असतं, दवाखान्याच्या दर्जाचं एनएबीएच प्रमाणपत्र हवं असतं. तिथे तो पुन्हा वर चढतो. एकच दवाखाना, तीच माणसं, आणि तीन टेबलांवर तीन संख्या. त्यातली एकही हवेतून आलेली नसते. पहिल्या यादीत वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सिस्टरचं प्रमाणपत्र अजून फाईलला असतं. दुसरीत निम्म्या बायका 'ठेकेदाराच्या' असतात. तिसरीत दुसऱ्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या, इथे आठवड्यातून दोन रात्री येणाऱ्या मुली धरलेल्या असतात.

एका डॉक्टरांनी तर माझ्यासमोर तिन्ही फायली टेबलावर काढून ठेवल्या. साठीचे गृहस्थ, गावात चांगलं नाव. म्हणाले, "यातली कुठली पाहिजे ती घ्या. आणि खरी पाहिजे असेल तर खाली इनचार्ज सिस्टरना विचारा, मलासुद्धा त्यांनाच विचारावं लागतं." इतकं सरळ बोलणारा माणूस भेटला की दिवस चांगला जातो.

खरी संख्या असते ती ड्युटी चार्टवर. नर्सिंग स्टेशनच्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने तो चिकटवलेला असतो. मोठा चौकटींचा कागद, पट्टीने आखलेला. डावीकडे नावं, तीही नुसती पहिली, पुढे 'सि.' लावून. वर एक ते एकतीस तारखा. चौकटींत एम, ई, एन ही अक्षरं: सकाळ, दुपार, रात्र. सुट्टीला 'ओ'. डबल ड्युटीला 'डीडी', बहुधा लाल पेनाने. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार्ट स्वच्छ असतो. वीस तारखेनंतर बघा, खाडाखोड, बाण, एकीचं नाव काढून दुसरीचं, कुठे नुसतंच 'ब्युरो', म्हणजे नर्सिंग ब्युरोतून कोणीतरी एका रात्रीपुरती आली, तिचं नाव लिहायचीही वेळ आली नाही. मला तो वीस तारखेनंतरचा चार्टच हवा असतो.

मी विचारलं, "परवा रात्रीच्या चौकटीत दोघी दिसतायत. कोण त्या?" इनचार्ज सिस्टरनी बोट ठेवून सांगितलं. एक जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा झालेली, नर्सिंग कौन्सिलला नोंदणी असलेली. दुसरी गावातल्याच एका संस्थेतून सहा महिन्यांचा कोर्स केलेली, तिला इथे ट्रेनी म्हणतात, गेली चार वर्षं ती ट्रेनीच आहे. आणि पेशंट? "एकवीस. एक ऑक्सिजनवर." तेवढ्यात ती ट्रेनी मुलगी ओव्हर द्यायला आली होती, तिने ऐकलं. माझ्या फॉर्ममध्ये 'प्रशिक्षित' आणि 'अप्रशिक्षित' असे दोन रकाने होते, ते तिने वाकून वाचले. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. सलाईन मीच लावते, आणि जीएनएम सिस्टरला सिझेरियनला बोलावलं की खालचा वॉर्ड पण मीच बघते."

तिला कुठल्या रकान्यात घालायचं, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. मोजायचं नाही म्हटलं तर एकवीस पेशंटांमागे एकच माणूस उरतं. नर्स म्हणून मोजलं तर जिने तीन वर्षं जीएनएम केलं, परीक्षा दिल्या, नोंदणी केली, तिच्या शिक्षणाला काय किंमत राहिली? मी अजूनही या मताची आहे की तिचा वेगळा रकाना हवा, स्पष्ट नावाचा, आणि तो कधीही नर्सच्या बेरजेत मिळवू नये. ती मुलगी काम करते हे खरं. तिला ते काम कुणी रीतसर शिकवलं नाही हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच कागदावर दिसायला हवं.

आता साधं गणित करून बघा. एका खाटेजवळ नव्हे, एका वॉर्डात एक नर्स चोवीस तास, सातही दिवस हवी असेल तर आठवड्याचे १६८ तास होतात. आठवड्याला ४८ तास काम धरलं तर त्या एका जागेसाठी साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरलं की चार, सव्वाचार. म्हणजे फाईलमध्ये बारा नर्स असलेल्या दवाखान्यात कुठल्याही क्षणी सरासरी तिघीही नसतात, आणि सकाळी राउंडला जास्त लागतात म्हणून रात्री दोघी राहतात. पेशंटच्या नातेवाइकाला 'आमच्याकडे बारा सिस्टर आहेत' हे ऐकून जो धीर येतो, तो या गणितात टिकत नाही. नुसती डोकी मोजून काही कळत नाही. पाळ्या मोजायला हव्यात, तास मोजायला हवेत.

डॉक्टरांच्या बाबतीत तर डोकी मोजण्याने उलटाच घोटाळा होतो. तालुक्यात भूल देणारे दोन डॉक्टर असतात आणि ते दोघं दहा-बारा दवाखान्यांच्या पाटीवर असतात. प्रत्येक दवाखान्याने प्रामाणिकपणे 'ॲनेस्थेटिस्ट: १' लिहिलं तरी बेरीज बारा येते. कागदावर तालुका समृद्ध, आणि एका रात्री दोन ठिकाणी सिझेरियन निघालं की तिसऱ्या बाईला जिल्ह्याला पाठवावं लागतं. रात्री दवाखान्यात प्रत्यक्ष हजर असणारा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, पुष्कळ ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, दिवसा त्याचं स्वतःचं क्लिनिक असतं. तो कोणाचा धरायचा? नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय हे सुटत नाही, आणि क्रमांक मागितला की फॉर्म परत मिळत नाही. मावशी, मामा, वॉर्डबॉय यांची तर गोष्टच वेगळी. बेडपॅन देणं, कूस बदलणं, स्ट्रेचर ढकलणं, मध्यरात्री रक्ताची पिशवी आणायला जाणं ही सगळी कामं तेच करतात, पण मनुष्यबळाच्या कुठल्या तक्त्यात ते आलेच तर 'इतर' म्हणून येतात.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा आहे, आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. शुश्रूषागृहात प्रशिक्षित परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, हे त्या कायद्याच्या कलमातच आहे. पंचाहत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार केला होता याचं मला फार अप्रूप वाटतं. २०२१ मध्ये नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आलं, दरपत्रक आलं. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, तेव्हा आपल्याकडे आधार आहे तो याच जुन्या कायद्याचा. नोंदणी तीन वर्षांची, मुदत ३१ मार्चला संपते. त्यामुळे अर्जांचा गठ्ठा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम येऊन पडतो. तो तपासणाऱ्या कचेरीतही माणसं मोजकीच. कागद पूर्ण आहेत का हे बघितलं जातं, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडल्यात का हे बघितलं जातं, आणि फॉर्म सी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, मिळतो. ती यादी मग फाईलमध्ये राहते. सगळ्या जिल्ह्याच्या याद्या एकत्र करून कुणी बेरीज मांडलीय असं मला तरी कधी बघायला मिळालं नाही.

देशपातळीवरचे आकडे बघितले तर हेच चित्र मोठं होऊन दिसतं. १९४६ च्या भोर समितीने लिहून ठेवलं होतं की ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आहे आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स. तेव्हापासून आपण प्रामुख्याने डॉक्टर-नर्सच्या कौन्सिलांच्या नोंदवह्या मोजत आलो. नोंदवहीत नाव एकदा चढलं की उतरवणार कोण? माणूस वारतं, परदेशी जातं, लग्नानंतर नोकरी सोडतं, नाव राहतंच. अलीकडे नूतनीकरणाची सक्ती आली आहे, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, त्याने फरक पडतोय. पण २०१८ चे राष्ट्रीय आकडे बघा. नोंदींप्रमाणे देशात ११.६ लाख ॲलोपॅथिक डॉक्टर आणि २३.४ लाख नर्स व सुईणी. त्याच सुमारास घरोघरी जाऊन केलेल्या नमुना सर्वेक्षणावरून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा अंदाज काढला, तर डॉक्टर आठ लाख आणि नर्स व सुईणी चौदा लाख. दर दहा हजार लोकांमागे कागदावर १७.७ नर्स, कामावर १०.६, आणि त्यांतल्या पुरेसं शिक्षण झालेल्या तेवढ्याच धरल्या तर ६. या तीन आकड्यांतलं अंतर मला मिरजेपासून मराठवाड्यापर्यंत प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर दिसतं. डॉक्टरांचंही फार वेगळं नाही. सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांनी २००१ च्या जनगणनेची व्यवसायाची माहिती तपासली, तिचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये काढला. स्वतःला ॲलोपॅथिक डॉक्टर सांगणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांकडे वैद्यकीय पात्रताच नव्हती. ग्रामीण भागात पात्रता असलेले १९ टक्केही भरले नाहीत.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ट्रस्टांतल्या माणसांची माहिती पगाराच्याच संगणकप्रणालीतून निघते, दर महिन्याला छापली जाते. पण एनएचएसचे पेशंट बघणाऱ्या खासगी संस्था त्या प्रणालीत नाहीत. त्यांच्याकडून वेगळा माहितीसंच भरून घ्यावा लागतो, आणि त्यावरची आकडेवारी 'प्रायोगिक' असा शिक्का मारून काढली गेली, कारण सगळ्यांनी भरलेली नसते. शिकण्यासारखं आहे ते एवढंच की तिकडे माणसं डोक्यांनी आणि पूर्णवेळ समतुल्य अशा दोन्ही मापांनी मोजतात. अर्धवेळ काम करणारी बाई अर्धी धरली जाते. तीन दवाखान्यांत जाणारा डॉक्टर तीन होत नाही.

आपल्याकडे या न मोजण्याची किंमत करोनात कळली. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या, दर ठरवून दिले. निर्णय गरजेचा होता, त्याने कित्येकांचं घर वाचलं. डॅशबोर्डवर खाटा दिसू लागल्या: साध्या, ऑक्सिजनच्या, व्हेंटिलेटरच्या. माणसं दिसत नव्हती. फोनवर खाट रिकामी आहे म्हणून पेशंट घेऊन जावं आणि दारात ऐकावं, "खाट आहे हो, पण सिस्टर क्वारंटाइन आहेत, कोण बघणार?" हे त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी ऐकलं. दवाखान्यांवर दोष ठेवावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. जिल्ह्यात कोणत्या दवाखान्यात किती प्रशिक्षित माणसं आहेत, त्यांतली किती दुसरीकडे हलवता येतील, ही यादी प्रशासनाच्या हातात असती तर तोच निर्णय कितीतरी जास्त उपयोगी पडला असता.

आणि पगार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी नर्सच्या पगाराकडे बघायला समिती नेमायला लावली. समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्यावं. मी ज्या दवाखान्यांत जाते तिथे जीएनएम झालेल्या मुली अजूनही याच्या खाली काम करताना भेटतात. पण नर्स किती, कुठे, किती पगारावर, हेच कुणाकडे लिहिलेलं नसेल तर ती शिफारस पाळली जातेय की नाही हे तपासणार कशावरून? ज्यांची संख्या नाही त्यांचं गाऱ्हाणं एकेकटीचं राहतं. म्हणून हे काम मला महत्त्वाचं वाटतं, आणि दुपारच्या उन्हात सातव्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना याच विचाराने पाय चालतात.

आता आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य व्यावसायिकांची आणि दवाखान्यांची अशा दोन नोंदवह्या सुरू झाल्या आहेत. चांगलंच आहे. पण त्यात जी नोंद होते ती माणसाची होते, पाळीची नाही. सिस्टरचं नाव, पात्रता, कुठे काम करते, हे येईल. परवा रात्री ती एकटी होती का, हे येणार नाही.

म्हणून आम्ही आमचा फॉर्म बदलला. पूर्वी तो बारा पानी होता, इमारतीच्या क्षेत्रफळापासून जनरेटरपर्यंत सगळं विचारायचा, आणि लोक तिसऱ्या पानावर थकायचे. आता एकच पान आहे. दवाखान्याचं नाव त्यावर येत नाही, सांकेतिक क्रमांक येतो. मागच्या पूर्ण आठवड्याच्या ड्युटी चार्टचा उतारा घेतो, नावांऐवजी पात्रता लिहून: जीएनएम, एएनएम (जीएनएमपेक्षा छोटा नर्सिंग कोर्स), बीएस्सी नर्सिंग, बिगरनोंदणी, मावशी. प्रत्येक पाळीला भरलेल्या खाटा किती होत्या ते शेजारी. डॉक्टरांना आधीच लिहून देतो की हा कागद पीएफला, कॉर्पोरेशनला किंवा आणखी कुठल्या कचेरीत जाणार नाही. आणि महिन्याभरात एक पान परत देतो, त्यांच्याएवढ्याच खाटांच्या जिल्ह्यातल्या बाकीच्या दवाखान्यांत रात्री सरासरी किती माणसं असतात ते दाखवणारं. ते पान मिळायला लागल्यापासून फोनला उत्तरं यायला लागली. एका डॉक्टरांनी ते बघून रात्रीला आणखी एक जीएनएम घेतली. मालकांनाही स्वतःचा दवाखाना इतरांशेजारी ठेवून बघायचा असतो, तशी सोय आजवर कुणी केलीच नव्हती.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आमच्यापैकी कुणी लिहिलेला नाही. चार्ट उतरवून घेत असताना एका इनचार्ज सिस्टरनी तो सुचवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळं विचारता, हे पण विचारा ना, की रात्री बाथरूमला जायचं झालं तर वॉर्ड कुणाच्या ताब्यात देऊन जाता?" तो आता पाचवा प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'कुणाच्याच नाही' असं आलं, तर चार्टवर दोन नावं असली तरी त्या पाळीत एकच माणूस होतं असं आम्ही धरतो.